छोटं भाडं

त्या कोपऱ्यावर टॅक्सी स्टँड होता तेव्हा अर्धं शहर वहिनींना वहिनी म्हणायचं. सख्खा दीर एकच, पण टॅक्सीवाले वहिनी म्हणत म्हणून गिऱ्हाइकंही म्हणू लागली. एक निवृत्त न्यायाधीश होते, वहिनींच्या वडिलांच्या वयाचे. तेसुद्धा फोनवर घसा खाकरून म्हणायचे, वहिनी, एक गाडी पाठवा. वहिनींना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट कुणा नवख्याने मॅडम म्हटलं, तर तुमचा नंबर चुकलाय असं त्या सरळ सांगायच्या.

फोन खरं तर स्टँडचा. आधी तो खांबावरच्या पेटीत असायचा. पेटीचं कुलूप कुणीतरी फोडलं, दुसरं लावलं तेही फोडलं, तेव्हा दादांनी, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, तो आपल्या खिडकीत आणून ठेवला. दादांची स्वतःची टॅक्सी होती आणि खोली तळमजल्यावर, खिडकी बरोबर स्टँडच्या तोंडावर. तात्पुरती सोय म्हणून आलेला फोन मग तिथून हललाच नाही. वहिनी रिसीव्हर मान आणि खांद्याच्या मध्ये दाबून कांदा चिरत पत्ते ऐकून घ्यायच्या. तेव्हाचे पत्तेही बोलके असत. पिवळ्या फाटकाचं घर, कुत्रं भुंकेल पण चावत नाही. दवाखान्याच्या मागचा जिना, बाईंना उतरायला वेळ लागेल, हॉर्न वाजवू नका. वहिनी खिडकीतून ते जसंच्या तसं बाहेर ओरडून सांगायच्या आणि गाडी निघायची.

खिडकीच्या चौकटीला खिळ्यांची एक ओळ होती आणि प्रत्येक खिळ्यावर गाडीचा नंबर रंगवलेला लाकडी बिल्ला. परत आलेल्याने आपला बिल्ला खिडकीतून आत द्यायचा, वहिनींनी तो ओळीत शेवटी टांगायचा. फोन आला की पहिला बिल्ला उतरायचा. भाडं शहराच्या दुसऱ्या टोकाचं असो नाहीतर पुढच्या गल्लीपर्यंतचं, ज्याचा बिल्ला पहिला त्याने जायचं. कुरकुर केली की बिल्ला दिवसभर वहिनींच्या चमच्यांच्या खणात. मात्र छोट्या भाड्याला गेलेला परत आला की त्याचा बिल्ला शेवटी जात नसे, दुसऱ्या खिळ्यावर जायचा. ही युक्ती कुणी काढली यावर नवराबायकोत कायमचा वाद होता. वहिनी म्हणत मी काढली, दादा म्हणत मी. कुणीही काढलेली असो, त्या युक्तीमुळे प्लास्टरमधला पाय घेऊन निघालेला माणूस रस्त्यावर ताटकळत राहिला नाही.

आता यावरून कुणी असं समजू नये की त्या स्टँडवर सगळी देवमाणसं बसली होती. शिवीशिवाय तिथे वाक्य पुरं होत नसे. बाहेरच्या कुणी कोपऱ्यावर टॅक्सी लावली, तर तिच्या चाकातली हवा जायची आणि ती कुणी सोडली हे तिथल्या एकालाही माहीत नसायचं. हातातला चहा संपल्याशिवाय गाडी हलायची नाही, मग गिऱ्हाईक घड्याळ बघून हैराण का होईना. आणि खुद्द वहिनींचा हातही काही अगदी स्वच्छ नव्हता.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा दीर शाळेत होता. सासू आधीच गेलेली. त्याच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून त्याच्या पहिल्या दाढीपर्यंत सगळं वहिनींनीच बघितलं. त्याला सगळे धाकटा म्हणत, पुढे केस पिकायला लागले तरी धाकटाच म्हणत. दादांनी त्याला गाडी शिकवली आणि लायसन्स हातात आल्याबरोबर स्टँडवर उभा केला. नवा गडी, रस्त्यांची भीती, जुने लोक टपल्या मारणारे. वहिनींचा जीव तुटायचा. मग लांबचं भाडं आलं, विमानतळाचं वगैरे, की धाकट्याचा बिल्ला मधूनच वर सरकायचा. सगळ्यांना दिसायचं आणि सगळे मूग गिळून गप्प बसायचे. वहिनींशी वाकडं कोण घेणार? दादांनी एकदा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या की पोरगं स्थिरावेपर्यंतच. पोरगं स्थिरावलं, तरी बिल्ला मधूनमधून सरकतच राहिला.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. आधी नुसतीच कुरबुर झाली. ठरलेली गिऱ्हाइकं थेट ड्रायव्हरलाच फोन करू लागली आणि खिडकीतला फोन दिवसातून चारदा कमी वाजू लागला. वहिनींनी दम दिला, थोडे दिवस लोक वरमले. पण नंतर जे ॲप आलं त्याला दम देता येईना. त्याला तोंडच नव्हतं. गिऱ्हाइकाने घरात बसून बटण दाबायचं, जवळच्या गाडीला ते कळायचं, गाडी दारात. ना चहा संपायची वाट, ना शिव्या. गिऱ्हाइकं खूश झाली आणि का होऊ नयेत? पण ज्या न्यायाधीशांना वहिनी रोज आवाजावरून ओळखायच्या, ते आजारी पडले कधी आणि गेले कधी, हे त्यांना महिन्यानंतर रद्दीवाल्याकडून कळलं.

स्टँड सोडून ॲपवर जाणारा पहिला माणूस धाकटाच. बिल्ला न्यायला आला तेव्हा मान वर करेना. वहिनींनी कारण विचारलं, तर म्हणाला की तिथे कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. वहिनींना हे फार लागलं. ज्याच्यासाठी आपण चार लोकांच्या नजरा झेलल्या त्याने मर्जीचं नाव काढावं? त्यांनी बिल्ला खिळ्यावरून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

पुढे एकेक करत सगळेच गेले. दादांना नीट दिसेनासं झालं, त्यांनी टॅक्सी विकली. फोनवर उरले ते कर्ज घ्या म्हणणारे आणि विमा घ्या म्हणणारे. मग दादांनी लाइनच बंद करून टाकली. स्टँडच्या जागी महापालिकेने पांढरे पट्टे मारले आणि भाड्याच्या स्कूटर उभ्या केल्या, मोबाइलने उघडणाऱ्या. त्या स्कूटरवाल्यांना खिडकीतल्या बाईशी बोलायचं कधी काही कारण पडलं नाही. वहिनी सवयीने खिडकीत बसायच्या. दिवस काढणं म्हणजे काय ते त्यांना त्या वर्षी कळलं. ज्या बाईला दुपारचं जेवण धड बसून जेवता येत नव्हतं, ती आता घास मोजून चावू लागली.

धाकटा मात्र मनाने वाईट नव्हता. नजर वर करायला त्याला थोडे दिवस लागले, मग तो पुन्हा जेवायला येऊ लागला. जेवताना फोन ताटाशेजारी. एकदा जेवता जेवता त्याने वहिनींना त्यातली खुबी समजावून सांगितली. भाडं घेतलं की मगच कुठे जायचंय तो पत्ता दिसतो. पत्ता जवळचा निघाला की अंगठा फिरवून रद्द करायचं आणि लांबच्याची वाट बघायची. सगळे असंच करतात. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर कोण उभं असेल, म्हातारं असेल, आजारी असेल, असं त्या बोलू लागल्या. धाकट्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"वहिनी, तिथे परत आल्यावर दुसऱ्या खिळ्यावर बिल्ला टांगणारं कुणी नाही," तो म्हणाला. "छोटी भाडी घेत बसलो तर दिवसभर गाडी फिरेल आणि संध्याकाळी हात हलवत घरी जाईन."

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी त्याला भात वाढला आणि विषय तिथेच राहिला.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी सकाळी दादा मोरीत तोंड धूत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून वहिनी गेल्या, तर दादा भिंतीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा मांडीवर. बोलायला बघत होते, पण शब्द उमटत नव्हता. वहिनी धावल्या त्या कुठे, तर खिडकीकडे. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या ओरडल्या, गाडी काढा रे. बाहेर स्कूटरची रांग उभी होती. एका मुलाने कानातला इअरफोन काढून खिडकीकडे बघितलं आणि तो पुन्हा कानात घातला. आयुष्यभर गाड्या दारात उभ्या होत्या, त्यामुळे टॅक्सी बोलवायची कशी हे त्या घरात कुणी कधी शिकलंच नव्हतं.

त्यांनी आपल्या साध्या मोबाइलवरून धाकट्याला फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. गाडीवर असताना तो वहिनींचा फोन कापायचाच, कानात रस्ता सांगणारा आवाज असतो म्हणून. संध्याकाळी उलट करायचा. वहिनी नेहमी जेवलास का एवढंच विचारायला करत, तेव्हा दोघांनाही त्यात काही वाटत नसे. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा कापला. रुग्णवाहिकेच्या नंबरवर आधी एक गोड आवाज बराच वेळ धीर धरा म्हणत राहिला. मग एका माणसाने सांगितलं की गाडी नदीपलीकडून निघेल, रस्ता तुंबलेला आहे, जवळ इस्पितळ असेल तर तुम्हीच न्या. इस्पितळ होतं की. पुलाच्या अलीकडे, स्टँडवरून गाडीचा पहिला गिअर बदलेपर्यंत येणारं. पण दादांना धरून तेवढं चालवणार कोण?

वरच्या मजल्यावर एक शिवणवाली राहायची. आरडाओरडा ऐकून ती गळ्यातली टेप तशीच ठेवून खाली आली आणि तिने आपल्या मोबाइलवर गाडी बोलावली. गाडी लगेच मिळाली, अगदी जवळ, मागच्या रस्त्यावर. शिवणवालीने स्क्रीन वहिनींसमोर धरला. त्यावर गाडीचा नंबर होता. वहिनींना तो वाचायलासुद्धा लागला नाही. तो बिल्ला त्यांनी इतकी वर्षं टांगला होता, उतरवला होता, वर सरकवला होता.

देवासारखा धावला पोरगा, त्यांच्या मनात आलं. त्या दादांपाशी खाली बसल्या आणि त्यांचा हात धरून म्हणाल्या, "धाकटा येतोय. घाबरू नका, आपला धाकटाच येतोय."

दादांनी डोळे मिटून उघडले. त्यांना कळलं होतं.

आणि शिवणवाली म्हणाली, "अरेच्चा, रद्द केली."

पुढची गाडी मिळायला वेळ लागला. तीही रद्द झाली. त्याच्या पुढची आली, पण तो बिचारा इमारत चुकून मागच्या रस्त्याला गेला आणि वळसा घालून आला. इस्पितळात डॉक्टर भला माणूस होता. त्याने नळ्या लावल्या, औषध दिलं आणि बाहेर येऊन सांगितलं की जीव वाचेल. थोडं आधी आणलं असतं तर बोलणं आणि उजवी बाजूही वाचली असती, हेही त्याने सांगितलं. सांगायला नको होतं, पण ते लोक सांगतात.

धाकटा दुपारी धापा टाकत आला. कापलेल्या फोनांबद्दल त्याने स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. शिवणवालीने त्याला सगळी हकीकत सांगितली. पहिली गाडी अगदी जवळ होती आणि त्या मेल्याने रद्द केली, हेही सांगितलं. शिवणवालीच्या मोबाइलवरून बोलावलेली गाडी, तिचंच नाव तिथे; आणि कुठून बोलावलंय हे तो बघतच नसे, किती लांब जायचंय एवढंच बघायचा. धाकट्याला दुरूनसुद्धा शंका आली नाही. त्याचे डोळे लाल झाले. त्याने त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्याला शोधून काढून त्याचे हात मोडीन म्हणाला आणि वहिनींकडे वळून विचारलं, नंबर बघितलास का? शिवणवालीच्या काही लक्षात राहिलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, नाही.

हे काही त्यांच्या मनाचं मोठेपण नव्हतं. दादांना उचलायला माणूस हवा होता. इस्पितळात, घरी, संडासात, खुर्चीत. तो माणूस एकच होता आणि तो समोर उभा होता. गरज अशी की वहिनींनी तो नंबर गिळला. वर पाणीसुद्धा मागितलं नाही.

दादा घरी आले. रोज सकाळी त्यांना व्यायामाच्या केंद्रावर न्यायचं असे, तेही पुलाच्या अलीकडेच. धाकटा रोज न चुकता यायचा, दादांना उचलून गाडीत बसवायचा, खुर्ची घडी करून मागे टाकायचा. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. पण तो जवळ आला की दादा तोंड भिंतीकडे फिरवायचे. धाकट्याला वाटायचं, आजाराने स्वभाव बदललाय. डॉक्टरनेही त्याला सांगितलं की असं होतं. खरं काय ते एका वहिनींना ठाऊक होतं. धाकटा येतोय हे दादांनी ऐकलं होतं आणि न आलेलंही बघितलं होतं. बोलता येत असतं तर बोलले असते.

आणि वहिनी रोज त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसायच्या. पुढे धाकटा गाडी चालवता चालवता त्या हरामखोर ड्रायव्हरची आठवण काढायचा. एखाद्या टॅक्सीने आडवी गाडी घातली की म्हणायचा, असलाच कुणीतरी असणार तो. वहिनी हं म्हणायच्या. त्यांना कधी त्याची कीव यायची, कधी त्याच्या मानेवर जोरात थप्पड घालावी असं वाटायचं. बहुतेक दिवशी दोन्ही.

एका सकाळी केंद्र दिसायला लागलं आणि धाकट्याचा फोन टिंग वाजला. केंद्रावर पोचताच पुढचं भाडं मिळावं म्हणून तो फोन चालूच ठेवायचा. त्याने नेहमीप्रमाणे भाडं घेतलं, पत्ता बघितला आणि अंगठा फिरवला. सगळं एका श्वासात झालं. वहिनींनी हे त्याच्या तोंडून ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. शिंक येताना माणूस तोंडावर हात धरतो, त्याला तरी याहून जास्त वेळ लागतो.

कोण होतं, असं वहिनींनी विचारलं. तो म्हणाला, कुणास ठाऊक, छोटं होतं.

"त्या दिवशी शिवणवालीच्या फोनवर पहिली गाडी आली, तिचा नंबर मी बघितला होता," वहिनी म्हणाल्या. "ह्याच गाडीचा होता तो."

धाकट्याने गाडी कडेला घेतली. मग वळला तेव्हा त्याचा चेहरा शाळेत नापास झाल्यावर व्हायचा तसा झाला होता. तुम्ही आहात हे कळलं असतं तर, असं तो दोनतीनदा म्हणाला.

"आम्ही आहोत हे कळलं असतं तर तू उडत आला असतास. ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "आम्ही नसतो तर?"

धाकट्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"आपल्या माणसाला एक न्याय आणि परक्याला एक, हे मी कुठे शिकलो वहिनी? लांबचं भाडं आलं की माझा बिल्ला वर कोण सरकवायचं? ज्याचा नंबर असायचा तो तिथेच उभा असायचा. मला बघवायचं नाही. तू मात्र सरकवायचीस."

शेजारी दादा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा डावा हात हळूहळू उठला आणि वहिनींच्या मांडीवर येऊन पडला. तो धीर द्यायला होता की गप्प बसवायला, हे वहिनींना आजही कळलेलं नाही. थोड्या वेळाने धाकट्याने गाडी सुरू केली, केंद्रावर नेली आणि दादांना उतरवलं. उतरवताना दादांनी पहिल्यांदाच तोंड फिरवलं नाही. त्यांनी धाकट्याकडे सरळ बघितलं आणि धाकट्यानेच मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. रागाने नाही, त्याला ते तोंड दाखवणं जमेना एवढंच. पण जबाबदारी त्याने टाकली नाही. शहरात जिथे असेल तिथून तो रोज सकाळी आपल्या फोनवर वहिनींसाठी गाडी मागवतो. वहिनी दादांना खुर्चीत बसवून दारात येऊन थांबतात, शिवणवाली हात द्यायला खाली येते. गाडी कधी पहिलीच येते, पण असे दिवस थोडे. भाडं छोटं आहे. ड्रायव्हर पत्ता बघतो आणि अंगठा फिरवतो, आणि गाडी रद्द झाल्याचं वहिनींना नाही, धाकट्याला कळतं. मग त्याला वहिनींना फोन करून सांगावं लागतं; गाडी येणार असली की फोन वाजत नाही.

परवा सकाळीही फोन वाजला. दादा उन्हात डोळे मिचकावत होते, वहिनी खुर्चीचा दांडा धरून उभ्या होत्या.

"वहिनी, यानेही रद्द केली," धाकटा म्हणाला. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "दुसरी बघतो."

वहिनी म्हणाल्या, "बघ."

थोड्याच वेळात पुन्हा फोन वाजला.